जुन्या गाडीचे दार: कुलूप, मोटर आणि रिमोट

गाडीच्या दाराला बाहेरून एकच कुलूप दिसत असले तरी त्यामागे चार निरनिराळ्या यंत्रणा काम करत असतात. पहिली निव्वळ यांत्रिक: चावी, लॉकचे बॅरल, दाराच्या आतल्या सळ्या आणि दार चौकटीला पकडून ठेवणारा लॅच. दुसरी विजेची, म्हणजे एका दारावरून सगळी दारे बंद-उघडी करणारे सेंट्रल लॉकिंग. तिसरी रेडिओची, म्हणजे रिमोट. चौथीचा दाराशी काही संबंध नाही, पण ती त्याच चावीत बसलेली असते: इंजिन सुरू होऊ द्यायचे की नाही हे ठरवणारा इमोबिलायझर. जुनी गाडी घेतलेल्याची तक्रार मात्र एवढीच असते, "लॉक चालत नाही." तेवढ्या भांडवलावर गॅरेजमध्ये गेलेल्या गाडीला कधी नवी मोटर बसते, कधी नवा रिमोट, कधी महागडे कंट्रोल मॉड्यूल, आणि दोष तुटलेल्या एका वायरीत असला तर तो तसाच राहतो. बिघाड चारपैकी कोणत्या यंत्रणेत आहे हे आधी ठरवणे हेच या दुरुस्तीतले खरे काम आहे, आणि त्यासाठी बहुतेक वेळा काहीही खोलावे लागत नाही.

तपासणी दिवसा, मोकळ्या जागी आणि चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली घेऊन करावी. बिघडलेले लॉक तपासताना चावी आत राहून दारे बंद होण्याचा प्रकार मुरलेल्या मेकॅनिकच्या बाबतीतही घडतो. आधी चालकाच्या दारात चावी घालून फिरवावी आणि चारही दारांच्या खुंट्यांकडे पाहावे. मग आत बसून लॉकचे बटण दाबावे. त्यानंतर रिमोट वापरून पाहावा, आधी दाराला खेटून आणि मग दहा-पंधरा पावलांवरून. शेवटी प्रत्येक दार बाहेरच्या आणि आतल्या हँडलने वेगवेगळे उघडून बघावे. दहा मिनिटांच्या या फेरीत जे दिसेल ते कागदावर टिपून ठेवले की बिघाडाची जागा बरीचशी कळते.

एकच दार दाद देत नसेल आणि बाकीची तीन व्यवस्थित चालत असतील, तर दोष जवळजवळ नक्की त्या दारातच आहे. फ्यूजकडे बघण्याचीही गरज नाही. चारही दारे बटणालाही हलत नाहीत आणि रिमोटलाही, तेव्हा फ्यूज, बॅटरी, रिले किंवा मॉड्यूल यांच्याकडे वळावे. बटणाला सगळी दारे चालतात आणि रिमोटला एकही नाही, तर मोटरी निर्दोष आहेत. बिघाड रिमोटमध्ये किंवा त्याचा संदेश घेणाऱ्या भागात आहे. रिमोटने सगळी दारे चालतात पण चालकाची खुंटी दाबली की तेवढे एकच दार लागते, तर त्या दारातला आज्ञा देणारा स्विच गेला आहे. रिमोटने गाडी उघडते पण सुरू होत नाही, हे सगळे प्रकरण इमोबिलायझरचे. दाराचे पॅड खोलून तिथे काही हाती लागणार नाही.

दारे लागतात आणि क्षणात आपोआप पुन्हा उघडतात, हा प्रकार अनेकांना चकवतो. गाडी मुद्दामच तसे करत असते. एखादे दार उघडे आहे किंवा एखादे लॉक शेवटपर्यंत गेलेले नाही अशी खबर मॉड्यूलला मिळाली, की ते बाकीची दारेही सोडून देते. म्हणजे लबाडी एखाद्या स्विचची असते आणि आळ मात्र मॉड्यूलवर येतो.

मागचे दार बाहेरून उघडते पण आतून उघडत नाही, ही तर दुरुस्तीची बाबच नव्हे. दाराच्या कडेला, लॅचजवळ, एक छोटा खटका असतो. तो चाइल्ड लॉकचा. आधीच्या मालकाच्या घरात लहान मूल होते, एवढाच त्याचा अर्थ. केवळ हा खटका माहीत नसल्यामुळे गाड्या गॅरेजच्या दारात आल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

लॅच, सळ्या आणि पाणी

उघड्या दाराच्या कडेला दिसणाऱ्या लॅचमध्ये खाच असलेली एक चकती असते. दार लोटले की ती फिरते आणि चौकटीवरच्या जाड कडीला, म्हणजे स्ट्रायकरला, धरते. ही पकड दोन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यावर दार लागल्यासारखे वाटते, पण पूर्ण बसलेले नसते. चालकाचे दार सगळ्यात जास्त उघडले जाते, त्यामुळे जुन्या गाडीत त्याच्या बिजागऱ्या झिजतात, दार किंचित खाली येते आणि लॅच पहिल्याच टप्प्यावर अडकतो. मग छताचा दिवा पेटता राहतो, डॅशबोर्डवर दार उघडे असल्याची खूण दिसत राहते आणि बऱ्याच गाड्या लॉक व्हायला नकार देतात.

दोष दाराच्या बसण्यात आहे की दार उघडे असल्याची खबर देणाऱ्या स्विचमध्ये, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. हा स्विच आता बहुतेक गाड्यांत लॅचच्या पोटातच असतो. दार उघडे ठेवूनच स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने लॅचची चकती ढकलावी. लागोपाठ दोन खटके ऐकू येतात. आता गाडीच्या दृष्टीने दार बंद आहे. दिवा विझला आणि लॉक चालले, तर स्विच ठीक आहे आणि स्ट्रायकर सरकवून काम भागेल. दिवा पेटताच राहिला, तर स्विच खराब आहे आणि बहुधा अख्खा लॅच बदलावा लागेल. चाचणी झाल्यावर बाहेरचे हँडल ओढून चकती मोकळी करायला मात्र विसरू नये. ती तशीच ठेवून दार आपटले तर लॅच आणि स्ट्रायकर दोन्ही दुखावतात.

स्ट्रायकर दोन बोल्टवर बसलेला असतो आणि थोडा इकडेतिकडे सरकतो. बोल्ट सैल करण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. एका वेळी मिलिमीटरभरच सरकवावा. लॅच त्याच्यावर घासत असेल तर रंग उडालेली चकाकती खूण दिसते आणि कोणत्या बाजूला सरकवायचे ते तीच सांगते. एखाद्या दाराचा स्ट्रायकर टोकापर्यंत सरकवलेला आणि बोल्टवर पान्याच्या जुन्या खुणा दिसल्या, तर त्या बाजूने गाडी कधीतरी ठोकली गेली होती का, हा प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारावा.

नाशिकच्या परिसरात लॅचचे दोन शत्रू आहेत, धूळ आणि पाणी, आणि ते पाळीपाळीने येतात. उन्हाळ्यात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यातल्या शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीच्या लॅचमध्ये बारीक माती जाऊन जुन्या ग्रीसमध्ये मुरते. पुढे पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडच्या झडीत तीच माती ओली होते आणि सुकल्यावर कडक बसते. हँडल ओढल्यावर दार सुटायला वेळ लागणे, हिवाळ्याच्या सकाळी खुंटी अर्ध्यावर राहणे, ही त्याचीच लक्षणे. जुने ग्रीस आधी स्प्रेने विरघळवून कापडाने पुसून काढावे आणि मगच नवे पांढरे लिथियम ग्रीस लावावे. चावीच्या बॅरलचा नियम याच्या उलट आहे. त्यात ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीही घालू नये. बॅरलमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या स्प्रिंगवर वरखाली होतात. तेलाला चिकटलेली धूळ त्यांना जखडून टाकते. तिथे ग्राफाइटची कोरडी पूड योग्य.

चावी घासून झिजली असेल तर तिच्यावरून काढलेली नवी चावीही झिजलेलीच निघते. चावीवाला समोरच्या नमुन्याची हुबेहूब नक्कल करतो. झीजही त्यात आलीच. म्हणून नक्कल काढायची तर कमी वापरलेल्या दुसऱ्या चावीवरून काढावी, किंवा गाडीसोबत मिळालेल्या पट्टीवरील चावीच्या क्रमांकावरून नवी कापून घ्यावी.

चावी सहज फिरते पण आत काहीच घडत नाही, तेव्हा बहुधा सळी निसटलेली असते. बॅरल आणि हँडलपासून लॅचपर्यंत जाणाऱ्या सळ्या प्लास्टिकच्या छोट्या क्लिपांनी धरलेल्या असतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते आणि क्लिप तुटते. वस्तू अगदी किरकोळ किमतीची, पण तिच्यासाठी दाराचे पॅड उतरवावे लागते.

पॅड उतरवले की मागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा दिसतो. घाईत काम करणारे तो टरकावून फेकतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला का होतो याचे उत्तर मालकाला सापडत नाही. काच आणि तिच्या रबराच्या फटीतून पाणी दारात उतरणे हे गाडीच्या रचनेत गृहीतच धरलेले असते. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावे अशी योजना आहे. पडदा हे पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. तळाची भोके पाला आणि चिखलाने बुजली तर दारात पाणी साठते. दार हलवल्यावर आत डुचमळल्याचा आवाज येत असेल, तर लॉकच्या मोटरीचे दिवस भरत आले आहेत. ही भोके पावसाळ्याआधी तारेने मोकळी करावीत.

आतून आणि बाहेरून, कुठूनच न उघडणारे दार हा या विभागातला सर्वांत अवघड पेच. पॅडचे स्क्रू दार उघडल्याशिवाय हाती लागत नाहीत आणि दार पॅड काढल्याशिवाय उघडत नाही. अशा वेळी एकाने आतून लॉक-अनलॉकचे बटण पुन्हापुन्हा दाबत राहावे आणि दुसऱ्याने हँडल ओढून धरत लॅचच्या जागेवर तळव्याने थापा माराव्यात. अडकलेली मोटर अनेकदा अशा धक्क्याने एकदा तरी सुटते. दार सुटले की ते पुन्हा न लावता तिथेच दुरुस्ती उरकावी.

मोटर आणि वायर

दार लॉक करणारी मोटर म्हणजे प्लास्टिकच्या डबीत बसवलेली छोटी डीसी मोटर आणि दोन-तीन दंतचक्रे. वीज एका दिशेने गेली की लॉक बंद होते, उलट्या दिशेने गेली की उघडते. वीज सेकंदाच्या अंशापुरतीच जाते, म्हणून कानाचा उपयोग डोळ्यांइतकाच होतो. शांत जागी दाराला कान लावून बटण दाबावे. मोटरीचा आवाज येतो पण खुंटी हलत नाही, तर दंतचक्र झिजले आहे किंवा सळी सुटली आहे. आवाजच येत नाही, तर वीज पोहोचत नाही किंवा मोटर मेली आहे. आवाज येतो पण क्षीण, तर आधी बॅटरी पाहावी: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या खाली असेल तर लॉकला दोष देण्यात अर्थ नाही.

वीज पोहोचते की नाही हे मल्टिमीटर सांगतो. मोटरीचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांवर मीटर धरावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगावे. क्षणभर १२ व्होल्टच्या आसपास आकडा उसळला तर वायर ठीक, मोटर खराब. काहीच उसळले नाही तर मोटर बदलून उपयोग नाही; दोष मागे कुठेतरी आहे. डिजिटल मीटर क्षणिक उसळी कधीकधी पकडत नाही. अशा वेळी जुन्या पद्धतीचा बल्ब लावलेला टेस्टर अधिक खात्रीचा.

तो दोष बहुतेक वेळा दार आणि चौकट यांच्यामधल्या घडीदार रबरी नळीत सापडतो. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी या नळीतून जातात आणि दार उघडताना-मिटताना प्रत्येक वेळी वाकतात. दिवसाला दहा वेळा दार उघडले तरी वर्षाला ३,६०० हून अधिक वाकणी होतात, आणि दहा वर्षे जुन्या गाडीत तांब्याचे धागे एकेक करून तुटलेले असतात. वरचे प्लास्टिकचे आवरण शाबूत असल्याने वायर बाहेरून धडधाकट दिसते. लक्षण ठरलेले आहे: दार एका विशिष्ट कोनात असताना लॉक चालते आणि एरवी नाही. त्याच दाराची काच, आरसा किंवा स्पीकरही अधूनमधून रुसत असेल तर शंका उरतच नाही. खात्रीसाठी एका हाताने लॉकचे बटण दाबत दुसऱ्या हाताने ही नळी हळूच वाकवून पाहावी. मग नळीचे एक टोक चौकटीतून सोडवून मागे सरकवावे आणि एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढावी. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते, कारण आत तिला धरणारे तांबे उरलेले नसते.

दुरुस्तीतला नेहमीचा घोळ इथेच होतो. तुटलेली दोन टोके पिळून वर काळी टेप गुंडाळली की लॉक लगेच चालते, पण जोड पुन्हा वाकणाऱ्या जागीच राहतो आणि थोड्याच दिवसांत निखळतो. योग्य पद्धत अशी की वाकणारा सगळा तुकडा काढून टाकावा, त्या जागी बारीक धाग्यांची लवचीक वायर घालावी, सांधे नळीच्या बाहेर दोन्ही अंगांना घ्यावेत, झाळून वर उष्णतेने आवळणारी नळी बसवावी आणि सगळे सांधे एकाच रेषेत येऊ देऊ नयेत.

फ्यूजबद्दल थोडक्यात सांगता येते. उडालेला फ्यूज त्याच अँपिअरचा बदलावा आणि पुन्हा उडाला तर तिथेच थांबावे. जास्त अँपिअरचा घालणे म्हणजे बिघाड फ्यूजमधून वायरीत पाठवणे. कंट्रोल मॉड्यूलचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा, आणि तोही कंपनीच्या किंवा तशा क्षमतेच्या स्कॅनरने तपासून. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात; दारे सांभाळणाऱ्या मॉड्यूलपर्यंत ते सहसा पोहोचत नाहीत.

एका महिन्याच्या आत दोन-तीन दारांच्या मोटरी पाठोपाठ गेल्या, तर मोटरींपेक्षा गाडीच्या इतिहासाचा विचार करावा. २०१६ आणि २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठे पूर आले, तेव्हा नाशिकमध्ये नदीकाठच्या भागांत पाणी शिरले. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते, पण दाराच्या तळातले प्लग, सीटखालचे रूळ आणि गालिच्याखालचे बोल्ट खरे बोलतात. प्लगच्या पितळेवर हिरवट थर असेल तर पाणी तिथपर्यंत चढले होते. मुंबई-ठाण्याकडून नाशिकला विकायला आलेल्या गाडीत हीच हिरवळ खाऱ्या हवेनेही येऊ शकते, म्हणून फक्त एका खुणेवरून निकाल देऊ नये.

नंतर बसवलेले लॉक

नाशिकच्याच कारखान्यात तयार झालेल्या, २००२ साली बाजारात आलेल्या महिंद्रा स्कॉर्पिओसारख्या गाड्या असोत की मारुती ८००, इंडिका, सँट्रो यांची स्वस्त मॉडेले, जुन्या बाजारातल्या अनेक गाड्यांत कारखान्यातून आलेल्या वायरिंगच्या जोडीला ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेले सेंट्रल लॉकिंग किंवा अलार्म भेटतो. या धंद्यात नाशिकचा वाटा लहान नाही. मोटारींचे अलार्म आणि रिमोट लॉक बनवणारी ऑटोकॉप ही कंपनी मूळची इथलीच आणि तिचे नाव देशभरच्या ॲक्सेसरीच्या दुकानांत माहीत आहे.

असे किट ओळखणे सोपे असते. रिमोट चावीपासून वेगळा असतो, बॉनेटखाली छोटा भोंगा असतो, डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकतो आणि स्टिअरिंगखाली वायरींचा झुबका निघालेली एक डबी लटकत असते. दाराच्या मोटरीला इथे "गन" म्हणतात. चालकाच्या दारात पाच वायरींची मास्टर गन असते. तिच्यात मोटरीसोबत स्विचही असतो आणि बाकीच्या दारांतल्या दोन वायरींच्या गनना हुकूम तिच्याकडूनच सुटतो. त्यामुळे मास्टर गनचा स्विच गेला की चालकाची खुंटी दाबूनही बाकीची दारे थंड राहतात. उपाय म्हणजे तेवढी एक गन बदलणे. पूर्ण किट विकण्याचा आग्रह इथे मानू नये.

या किटमधला खरा कच्चा दुवा म्हणजे वायरींचे सांधे. ते बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतात. किट कोणत्या कंपनीचे, याला त्यापुढे फारसे महत्त्व नाही. सैल सांध्यामुळे मध्यरात्री भोंगा वाजतो, उभ्या गाडीची बॅटरी उतरते, आणि इंजिन तोडणारी वायर जोडलेली असेल तर गाडी चालू होता होता बंद पडते. अशा किटला बहुधा एक लपवलेले बटणही असते, ज्याने अलार्म तात्पुरता निष्क्रिय करता येतो. ते कुठे आहे हे फक्त जुन्या मालकाला माहीत असते. गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशीच विचारून ठेवावे. नंतर फोन लागत नाही.

रिमोट

रिमोट चालेनासा झाला की पहिला उपाय सेल बदलणे, आणि तो बरोबरच आहे. सेलवरचा क्रमांक म्हणजे त्याचे माप असते. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२, सीआर २०१६ म्हणजे व्यास तोच, जाडी १.६, सीआर १६३२ म्हणजे व्यास १६, जाडी ३.२. सगळे तीन व्होल्टचेच, त्यामुळे पातळ सेल जाड सेलच्या जागी घालून कागदाची घडी दाबून बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा, हादऱ्याने संपर्क तुटतो आणि रिमोट लहरी होतो. दाराजवळून चालतो पण लांबून नाही, हे सेल उतरत आल्याचे नेहमीचे लक्षण. नव्या सेलनेही फरक पडला नाही तर सेलला टेकणारी पितळी जीभ वाकवून पाहावी आणि बटणाखालच्या छोट्या स्विचचे डाग तपासावेत. खिशातून धुण्यात गेलेल्या रिमोटचा सेल आधी काढावा, आतली पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि सावलीत पूर्ण सुकवावी.

भारतात बहुतेक मोटारींचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. परदेशी बाजारातून आलेला ३१५ मेगाहर्ट्झचा रिमोट दिसायला हुबेहूब असला तरी त्या गाडीशी त्याचे कधीच जुळणार नाही. जुना किंवा ऑनलाइन रिमोट घेताना मागच्या बाजूचा हा आकडा वाचावा. एखाद्या ठरावीक जागीच रिमोट चालत नसेल आणि शंभर पावले पुढे नेल्यावर चालत असेल, तर त्या जागी त्याच पट्ट्यात दुसरे काहीतरी गोंगाट करत आहे. रिमोट निर्दोष समजावा.

रिमोट दर वेळी तोच संदेश पाठवत नाही. तसे असते तर एकदा पकडलेला संदेश पुन्हा सोडून कोणीही गाडी उघडली असती, आणि सुरुवातीच्या काळातले काही रिमोट तसेच होते. त्यावर उपाय म्हणून बदलत्या कोडची पद्धत आली. तिच्यातली कीलॉक ही प्रसिद्ध पद्धत दक्षिण आफ्रिकेत ऐंशीच्या दशकात तयार झाली आणि १९९५ साली मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. तिच्यात रिमोट आणि गाडी दोघांकडेही एक गणक असतो. प्रत्येक दाबासरशी रिमोटचा गणक एकाने पुढे सरकतो. गाडीच्या आवाक्याबाहेर बटण दाबले गेले तर रिमोट पुढे जातो आणि गाडी मागे राहते. कीलॉकमध्ये सोळा दाबांपर्यंतचा फरक गाडी निमूट सोसते. त्याहून जास्त झाला तर लागोपाठ दोन वेळा दाबावे लागते, मग दोघांचा पुन्हा मेळ बसतो. घरात मुलाने तासभर रिमोटशी खेळल्यावर गाडी पहिल्या दाबाला उघडली नाही, तर कारण हेच. काही गाड्यांना मात्र मेळ बसवण्यासाठी इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करावे लागते. ती पद्धत गाडीसोबतच्या पुस्तिकेत असते.

रिमोटचे फाटलेले कवच बदलताना एक अपघात वारंवार होतो. अनेक चाव्यांत इमोबिलायझरची चिप रिमोटच्या सर्किटवर नसते. करंगळीच्या नखापेक्षा लहान असा काळा तुकडा कवचाच्या एका खाचेत स्वतंत्र बसवलेला असतो. त्याला सेल लागत नाही, वायर लागत नाही. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून मिळणाऱ्या लहरींवरच तो उत्तर देतो. जुने कवच कचऱ्यात टाकले की तोही जातो. नव्या कवचातली चावी दारे झोकात उघडते आणि इंजिन मात्र घुमून बंद होते. म्हणून जुने कवच टाकण्याआधी गाडी एकदा सुरू करून पाहावी.

चावी न काढता उघडणारी गाडी

चावी खिशात आणि हँडलवर बोट, एवढ्यावर उघडणाऱ्या गाडीत संवाद दोन्ही बाजूंनी होतो. हँडलला हात लागताच गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झवर एक क्षीण हाक देते. ती मीटर-दीड मीटरपर्यंतच पोहोचते. हाक ऐकलेली चावी जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. म्हणजे चावीची बटणे चालतात पण हँडल चालत नाही, तर दोष हँडलच्या बटणात, त्यातल्या अँटेनात किंवा तिच्या वायरीत असतो. एकाच दाराचे हँडल मेले असेल तर त्या दारापुरतेच पाहावे. चावी मोबाइलला चिकटून ठेवली असेल तर आधी ती वेगळी करून पाहावी. हा उपाय फुकट आहे आणि बऱ्याचदा पुरतो.

सेल संपला म्हणून अशी गाडी बंद पडत नाही. चावीच्या पोटात धातूची पातळ चावी सरकवलेली असते. चालकाच्या हँडलजवळच्या छोट्या टोपीखाली तिचे भोक सापडते. आत बसल्यावर चावीच स्टार्ट बटणाला टेकवून दाबली की बहुतेक गाड्या चालू होतात. कित्येक वर्षे न वापरलेले हे बॅरल गरजेच्या दिवशीच जाम निघते, म्हणून गाडी घेतल्यावर ते एकदा फिरवून पाहावे.

या सोयीची किंमतही आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर दाखवून दिले की गाडीची हाक आणि चावीचे उत्तर दोन उपकरणांनी लांबवर पोहोचवून, चावी घरात असतानाही दार उघडता येते आणि इंजिनही सुरू करता येते. रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने रात्री अशी चावी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवणे शहाणपणाचे. डबा पुरेसा आहे का, हे तो हातात घेऊन गाडीजवळ उभे राहिल्यावर कळते. हँडल उघडले तर डबा बदलावा.

उन्हात बंद गाडीत लहान मूल राहिले असेल आणि चावीही आत असेल, तर चावीवाल्याची वाट पाहू नये. गाडीतला उकाडा पहिल्या अर्ध्या तासातच सर्वाधिक वेगाने चढतो. मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात टणक वस्तूने फोडावी. ती बारीक तुकड्यांत फुटते. समोरची काच दुहेरी थराची असते, तिच्यावर वेळ घालवू नये.

चाव्यांचा हिशेब

जुन्या गाडीत कुलूप चालणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते आणखी कोणाच्या हातून चालते हे माहीत असणे. गाडी नवी असताना साधारणपणे दोन चाव्या मिळतात. विकणारा एकच देत असेल तर दुसरी हरवली आहे की कोणाच्या तरी खुंटीला टांगलेली आहे, हे कळायला मार्ग नाही. उपाय मात्र आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या सगळ्या चाव्यांची नोंद पुसून हातात असलेल्याच पुन्हा नोंदवता येतात. त्यानंतर बाहेर राहिलेली चावी इंजिन चालू करू शकत नाही आणि तिच्या रिमोटचीही नोंद जाते. तिचे धातूचे पाते दार उघडूच शकते. तेही बंद करायचे असेल तर लॉकचा सेट बदलावा लागतो. नोंद करायला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या एकाच वेळी न्याव्यात, कारण अनेक गाड्यांत त्या वेळी समोर नसलेली चावी आपोआप बाद होते.

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ चाव्या मागते, आणि दुसरी चावी का नाही याचा खुलासा द्यावा लागतो. चावी हरवल्याची पोलिसांत केलेली नोंद आणि नवी चावी घेतल्याचे बिल त्या वेळी कामाला येते.

मालकी बदलण्याचे काम नाशिकमध्ये पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. त्यासाठीच्या नमुना २९ मध्ये नोंदणी प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद सोपवल्याचा उल्लेख आहे, चाव्यांचा नाही. म्हणून गाडी ताब्यात घेताना वेगळी पावती करावी, आणि तीत तारीख व वेळेसोबत किती चाव्या, किती रिमोट आणि चावीच्या क्रमांकाची पट्टी मिळाली की नाही, हे लिहून विकणाऱ्याची सही घ्यावी.